आतड्याची इम्युनिटी, रोजचं ताट आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर: नाशिककरांसाठी पायरी-पायरीने

संडासवाटे रक्त पडलं की आपल्याकडे निकाल घरीच लागतो, मूळव्याध! मग कुणी सुरण खायला सांगतं, कुणी जाहिरातीतलं चूर्ण आणून देतं, कुणी म्हणतं तिखट बंद कर, आणि यात सहा महिने कधी गेले ते कळत पण नाही. मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकमधेच काम करते, आणि या विषयावर माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक म्हणजे ज्यांच्या घरात कुणाला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर निघालाय आणि आता बाकीचे विचारतात "मॅडम, आम्ही काय खायचं?", आणि दुसरे म्हणजे जे इम्युनिटी बूस्टरचा डबा हातात घेऊनच खुर्चीत बसतात. दोघांनाही सांगायचं साधारण एकच असतं, पण अर्ध्या तासात ते मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

एक आधीच क्लिअर करते. चांगल्या आहाराने धोका कमी होतो, शून्य होत नाही. शुद्ध शाकाहारी, निर्व्यसनी, रोज फिरायला जाणाऱ्या माणसालाही हा कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळे पेशंटला "तू काहीतरी खाल्लं असशील" असं टोचायला हा लेख वापरू नका प्लीज.

आत नेमकं काय चालतं

जगभरात २०२२ मधे या कॅन्सरच्या साधारण १९ लाख नव्या केसेस झाल्या, आणि कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमधे याचा नंबर फुफ्फुसाच्या कॅन्सरनंतर दुसरा लागतो. आपल्या देशात प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, पण पन्नाशीच्या आतल्यांमधे तो अनेक देशांत वाढताना दिसतोय.

बहुतेक वेळा सुरुवात होते पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेला छोटा कोंब. सगळे पॉलिप कॅन्सर होत नाहीत, पण जे होतात त्यांना साधारण दहा वर्षं वगैरे लागतात. आपल्याला खेळायला मिळतात ती हीच दहा वर्षं, खाण्यापिण्यात बदल करायला पण आणि पॉलिप शोधून काढून टाकायला पण.

आता इम्युनिटी कुठे आली यात? शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा साठा आतड्याच्या भिंतीत आणि तिच्या आसपास असतो. आणि ते बरोबरच आहे, कारण एका बाजूला अब्जावधी जंतू आणि दुसऱ्या बाजूला आपलं रक्त, मधे फक्त एका पेशीच्या जाडीचं अस्तर. त्या अस्तरावर सारवणासारखा चिकट म्युकसचा थर असतो, तो जंतूंना लांब ठेवतो. आपण खातो त्यातला फायबर म्हणजे चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन हे ब्युटिरेटच, शिवाय इम्यून सिस्टिम उगाच भडकू नये म्हणून ज्या रेग्युलेटरी टी-पेशी असतात त्या तयार व्हायलाही ते मदत करतं. उलट चोथा मिळाला नाही तर उपाशी जंतू काय करतात? ते सारवणच खायला लागतात, हे २०१६ मधे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. थर पातळ झाला की जंतू अस्तराला भिडतात, सूज येते, आणि वर्षानुवर्षं धुमसणारी सूज म्हणजे कॅन्सरला पोषक जमीन. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला कायम सूज असलेल्या पेशंटमधे हा धोका जास्त असतो तो याच सुजेमुळे.

दुसरी बाजू म्हणजे पहारा. बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी आणि एनके पेशी. २००६ साली फ्रान्सच्या जेरोम गॅलों यांच्या टीमने दाखवलं की या कॅन्सरच्या गाठीत टी-पेशी किती आणि कुठे शिरल्यात यावरून पेशंटचं पुढे कसं होईल याचा चांगला अंदाज येतो. आणि फ्युजोबॅक्टेरियम नावाचा एक जंतू, जो मुळात तोंडात हिरड्यांपाशी राहतो, तो या गाठींमधे सापडतो आणि पहारेकरी पेशींचं बटण बंद करतो. त्यामुळे दातांची नीट काळजी घ्या हे वाक्य पोटाच्या लेखात आलं तर हसू नका.

पायरी १: ताटाच्या आधी तपासणी

लोकांना वाटतं डाएटवाली बाई आधी डाएट सांगणार. नाही. खालचं काही असेल तर पहिले डॉक्टर, भाकरी-उसळ नंतर.

संडासवाटे रक्त, लाल असो की डांबरासारखं काळं. संडासची सवय तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस बदललेली, म्हणजे कधी नव्हे ते जुलाब किंवा बद्धकोष्ठ. जाऊन आलं तरी साफ झालं नाही असं वाटत राहणं. कारण नसताना वजन उतरणं. आणि एक गोष्ट जी हमखास सुटते ती म्हणजे हिमोग्लोबिन. पुरुषाचं, किंवा पाळी बंद झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन लोह कमी असल्यामुळे घसरलं असेल तर नुसती लोहाची गोळी आणि बीट-खजूर देऊन गप्प बसायचं नाही, रक्त जातंय कुठून ते शोधायचं. उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ थोडं थोडं रक्त गाळते, डोळ्यांना दिसत पण नाही, माणूस फक्त दमतो. आणि घरचे म्हणतात वय झालं! (बीट खाल्ल्यावर लाल आणि लोहाच्या गोळीने काळी संडास होते हे खरंय, पण त्या भरवशावर महिना काढू नका.) मूळव्याध खरंच असली तरी तिच्यासोबत वर काहीतरी असू शकतं, हे डोक्यात ठेवा.

काही त्रास नसेल तर घराण्याचा इतिहास बघा. आई, वडील, भाऊ, बहीण, मूल यातल्या कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर साधारण चाळिशीत, किंवा त्या व्यक्तीला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, करतात. घराण्यात गर्भाशयाचा आणि आतड्याचा असे दोन्ही कॅन्सर, तेही लहान वयात, दिसत असतील तर लिंच सिंड्रोमबद्दल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या जनुकातल्या दोषाबद्दल, डॉक्टरांना आवर्जून विचारा. अमेरिकेत २०२१ पासून कुणालाही ४५ व्या वर्षापासून तपासणी सुचवतात. आपल्याकडे सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरची होते, आतड्यासाठी स्वतःच विचारावं लागतं. साधी सुरुवात म्हणजे फिट टेस्ट, संडासचा नमुना द्यायचा, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त कळतं. पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करायचीच, परत फिट करून "बघू या वेळी काय येतं" असं नाही करायचं.

पायरी २: आठवडाभर फक्त लिहा

काही बदलू नका, फक्त जे तोंडात जातंय ते मोबाईलमधे लिहा, चहासोबतचं बिस्किट पण. सातपूर-अंबडला शिफ्टला जाणाऱ्यांच्या याद्या बघितल्या की चित्र ठरलेलं असतं, सकाळी पोहे नाहीतर पाव, डब्यात दोन पोळ्या आणि बटाटा, संध्याकाळी वडापाव किंवा चिवडा, रात्री भात. पोट भरतं, पण चोथा? फारच कमी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने २००० कॅलरीच्या जेवणात निदान ३० ग्रॅम फायबर हवा. मैदा आणि पांढरा तांदूळ १०० ग्रॅमला जेमतेम ३ ग्रॅम देतात, तर ज्वारी, बाजरी, नागली (नाचणी) आणि चोकरासकट गव्हाचं पीठ दहा-अकरा ग्रॅमच्या आसपास. आख्खी मटकी-मूग त्याहूनही वर.

पायरी ३: चोथा वाढवा, पण घाईने नाही

रोज १० ग्रॅम फायबर वाढला की धोका साधारण १० टक्क्यांनी कमी दिसतो, २०११ मधे अनेक अभ्यास एकत्र करून हा हिशोब मांडला गेला. त्याहून मला आवडतो तो २०१५ चा प्रयोग. आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यातली माणसं, दोन्हीकडची वीस-वीस, त्यांच्या जेवणाची दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकेतल्यांना गावाकडचं भरपूर चोथ्याचं, गावातल्यांना बर्गर-सॉसेज वळणाचं. दोनच आठवड्यांत अमेरिकेतल्यांच्या आतड्याच्या अस्तराची सूज उतरली, ब्युटिरेट वाढलं, आणि गावातल्यांचं बरोब्बर उलटं झालं. कॅन्सर झाला की टळला हे दोन आठवड्यांत कळत नाही अर्थात, पण जमीन किती पटकन बदलते ते कळलं.

आणि आपल्याला यासाठी किनोआ-चिया आणायची गरज काय? त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडची नागली बाजारात मिळते, बाजरी-ज्वारी आहेच. एका दिवसाचा हिशोब बघा: बाजरीच्या किंवा ज्वारीच्या दोन भाकऱ्या १३ ग्रॅम, वाटीभर मटकीची उसळ ४-५, एक मध्यम पेरू ८ च्या पुढे, पालेभाजी २-३, वरण २-३. झाले ३० ग्रॅम. बुधवारी गंगेवरच्या (गोदाघाटावरच्या) बाजारात गेलात तर आठवड्याची मेथी, शेपू, गवार, पेरू सगळं एका पिशवीत येतं, पावसाळ्यात आदिवासी बायका रानभाज्या आणतात त्या तर सोडूच नका, फक्त ओळखीच्याच घ्या आणि विकणाऱ्या मावशींना शिजवायची पद्धत विचारून घ्या.

आता गॅसचा प्रश्न, कारण इथेच सगळे सोडून देतात. ज्याला दहा ग्रॅमची सवय आहे त्याने सोमवारपासून तीस खाल्ले तर पोट नगाऱ्यासारखं होणारच. पहिला आठवडा फक्त एक पोळी काढून एक भाकरी. दुसऱ्या आठवड्यात अर्धी वाटी उसळ, कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून, मोड आणून, हिंग-जिरं घालून नीट शिजवलेलं. तिसऱ्या आठवड्यात फळ. पाणी वाढवायचं, नाहीतर चोथाच अडकून बसतो. आयबीएस (वारंवार पोट बिघडण्याचा त्रास), आतड्याला सूज किंवा कुठे आतडं अरुंद झालेलं असेल त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच.

मिसळीचं काय, हे मला दर वेळी विचारतात, म्हणून सांगूनच टाकते. मिसळीतली मटकी उत्तम, तिला काही बोलायचं नाही. गडबड आहे ती तिच्यावरच्या मूठभर फरसाणात, तर्रीच्या तेलात आणि सोबतच्या चार पावांत. रविवारी मळ्यातल्या चुलीवरच्या मिसळीला जा, खुशाल जा, मटकी जास्त मागा, फरसाण निम्मं, पाव एक. घरी केलीत तर भाकरीसोबत खाऊन बघा, मला तर तीच जास्त आवडते.

कांदा-लसूण खाणाऱ्यांना अजून एक बरं, त्यात फ्रुक्टन असतात, ते आतल्या जंतूंचं आवडतं खाद्य, लासलगाव शेजारी असल्यावर कांद्याला काय कमी. द्राक्षं मात्र चोथ्यासाठी मोजू नका, १०० ग्रॅमला जेमतेम १ ग्रॅम असतो. चवीसाठी खा, नीट धुऊन खा. आणि किंचित कच्चं केळं, शिजवून थंड केलेला भात यात रेझिस्टंट स्टार्च असतो, तोही जंतूंना पोचतो, पण फोडणीचा भात करायचा असेल तर रात्री भात निवल्या निवल्या फ्रिजमधे, ओट्यावर पडलेला नको.

पायरी ४: ताक, दही, दूध

स्टॅनफर्डमधे २०२१ साली ३६ निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात आंबवलेले पदार्थ दहा आठवडे खाल्लेल्यांच्या आतड्यात जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातली सुजेची १९ प्रथिनं कमी झाली. छोटा अभ्यास आहे, पण ताक प्यायला एवढं कारण पुरे. ताक, घरचं दही, इडली, आंबोळी. (इडली वाफवल्यावर जिवंत जंतू उरत नाहीत, ते काम ताकाचंच.)

दुधाचा पुरावा तर अजून पक्का. ऑक्सफर्डच्या २०२५ च्या अभ्यासात ५ लाख ४२ हजार बायकांच्या नोंदी होत्या, त्यात आहारातून रोज ३०० मिलिग्रॅम जास्त कॅल्शियम, म्हणजे मोठा ग्लासभर दूध, घेणाऱ्यांमधे धोका १७ टक्के कमी निघाला. दूध पचत नसेल तर दही-ताक, नागली, तीळ. नागलीच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे भाकरी एक पण काम दोन.

पायरी ५: मटण आणि सॉसेज एकाच रांगेत नाहीत

डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मधे प्रोसेस्ड मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम, बेकन, हे पहिल्या गटात टाकलं, नक्की कॅन्सर करणारं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका १८ टक्के वाढतो. मुलांच्या सँडविचमधली सलामी, पिझ्झावरचं पेपरोनी, हे त्यातलंच. हे बंद केलं तर काही बिघडत नाही.

मटण दुसऱ्या गटात, "बहुधा". आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर नको असं सांगतात. आपल्याकडे रविवारी काळ्या मसाल्याचं मटण होतं, एका माणसाच्या वाट्याला दीड-दोनशे ग्रॅम येतं, तेवढ्याने आभाळ कोसळत नाही. भाजून काळं कोळसा करण्यापेक्षा रस्सा बरा, आणि मटणासोबत बाजरीची भाकरी, कांदा, काकडी असू द्या. मासे आणि चिकनबाबत असा पुरावा नाही.

पायरी ६: वाईन द्राक्षाची असली तरी दारूच

नाशिकमधे हे लिहिणं म्हणजे जरा धाडसच. पण हार्टला चांगली म्हणून रोज एक ग्लास घेणाऱ्यांना सांगते, अल्कोहोल पहिल्या गटातलं कॅन्सरकारक आहे आणि आतड्याला ते वाईन, बिअर, व्हिस्की वेगळं कळत नाही. वर सांगितलेल्या ऑक्सफर्डच्या अभ्यासातच रोज २० ग्रॅम जास्त अल्कोहोलला १५ टक्के जास्त धोका होता. वाईनच्या १५० मिलीच्या ग्लासात साधारण १४ ग्रॅम असतं. कधीतरी घ्यायची तर घ्या, औषध म्हणून नको. विडी-सिगरेट बंद. मिश्री पण बंद, हिरड्यांची वाट लागते, आणि तोंडातल्या जंतूंचं वर वाचलंतच.

पायरी ७: चाला

पोटावरची चरबी स्वतःच सूज वाढवणारी रसायनं सोडते, म्हणून वजनापेक्षा कमरेचा घेर मोजा. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक असो की कॉलनीतल्या मैदानाच्या फेऱ्या. २०२५ मधे आलेल्या चॅलेंज ट्रायलमधे आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो झालेल्या ८८९ पेशंटपैकी निम्म्यांना तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करायला लावला, तर पाच वर्षांनी कॅन्सर परत न आलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात ८० टक्के होतं, नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांमधे ७४. एखाद्या औषधाने एवढं केलं असतं तर केवढी जाहिरात झाली असती!

पायरी ८: डबे आणि गोळ्या

इम्युनिटी "बूस्ट" करायची कल्पनाच मला पटत नाही. आतड्यात भडकलेली इम्युनिटी हाच तर निम्मा त्रास आहे, हवी ती नेमकी आणि शांत. व्हिटॅमिन डी कमी असेल तर जरूर घ्या, पण २५ हजारांवर लोकांच्या व्हायटल ट्रायलमधे, ज्याचे निकाल २०१८ च्या शेवटी आले, त्या गोळीने कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. कोविडमधे घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला आणि त्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मधे छापल्या. हळद भाजीत छान आहे, कॅप्सूल नको. आणि सर्दीला मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेणं थांबवा, वारंवार आणि लांब कोर्स घेणाऱ्यांमधे पॉलिप जास्त दिसल्याचं मोठ्या अभ्यासांत आलंय.

पायरी ९: कोलोनोस्कोपी ठरली तर वरचं सगळं उलटं

आतडं स्वच्छ नसेल तर छोटा पॉलिप दिसत नाही आणि पुन्हा सगळं करावं लागतं. दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, कडधान्य, पेरू, टोमॅटो, तीळ-खसखस बंद, मऊ भात, गाळलेलं वरण, दही, पांढरा ब्रेड चालेल. आदल्या दिवशी बहुतेक ठिकाणी फक्त पारदर्शक द्रव सांगतात: नारळपाणी, लिंबूपाणी, वरणाचं वरचं गाळलेलं पाणी, दुधाशिवाय चहा. कोकम सरबत आणि बीट-डाळिंबाचा रस नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पावडरचं औषध दोन भागांत देतात, दुसरा भाग पहाटे घ्यायचा कंटाळा करू नका. डायबेटिसच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं आधीच विचारून ठेवा.

पायरी १०: घरात पेशंट असेल तर

टाटाला ऑपरेशन करून आणलेल्या माणसाला नातेवाईक प्रेमाने सॅलड, गव्हांकुराचा रस आणि भाकरी सुरू करतात. थांबा. ऑपरेशननंतर, खास करून पोटावर पिशवी लावली असेल तर, पहिले सहा-आठ आठवडे कमी चोथ्याचं मऊ जेवण असतं, मग एकेक पदार्थ वाढवायचा. किमोमधे जुलाब लागले तर भात, केळं, साबुदाण्याची पेज, ओआरएस, आणि दिवसातून चार-सहा वेळा झाले तर लगेच फोन. ऑक्झॅलिप्लॅटिन हे किमोचं औषध चालू असेल तर फ्रिजचं पाणी, आईस्क्रीम, थंड ताक नको, घसा आवळल्यासारखं होतं आणि माणूस घाबरतो. पांढऱ्या पेशी खाली गेल्या असतील तेव्हा कच्चं आणि बाहेरचं बंद, ताजं शिजवलेलं गरम जेवण, घरच्या दह्याचं आणि प्रोबायोटिक कॅप्सूलचं डॉक्टरांना विचारूनच. प्रथिनं मात्र जास्त लागतात, वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५. त्यासाठी अंडी, पनीर, मुगाचं धिरडं, दाट वरण, मासे, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. साखरेने कॅन्सर पोसतो म्हणून खीर-शिरा तोडू नका, ज्याचं वजन उतरतंय त्याला जे जातंय ते जाऊ द्या, डायबेटिस असेल तर साखरेचं गणित डॉक्टरांसोबत बसवा, आणि दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहीत जा, पुढच्या व्हिजिटला ती वही सोबत न्यायची.